एकाच फेरीचं इंजिन

आमचं युनिट तेव्हा पुण्याजवळ होतं. मी हवलदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, सर्व्हिस सोळा वर्षं. त्या पावसाळ्यात पूरमदतीचा एक कॉलम कायम तयार ठेवायचा हुकूम होता. कॉलम म्हणजे चार ट्रक, दोन जीप, दोन रबरी बोटी आणि बेचाळीस माणसं. गाड्या चालत्या ठेवणं माझं काम.

दुपारी एक वाजता मूव्ह ऑर्डर आली. संध्याकाळी सात वाजता आम्ही अंबरनाथला एका शाळेच्या मैदानात गाड्या लावल्या. उल्हास नदी इशाऱ्याच्या पातळीवर होती आणि वर डोंगरात पाऊस थांबत नव्हता.

मी बदलापूर गावचा. माझी आई आणि बायको हेंद्रेपाड्यात राहत होत्या, तळमजल्यावर. मैदानापासून घर पाऊण तासाच्या अंतरावर होतं. मी फोन केला.

बायको म्हणाली, "पाणी गटारातून वर यायला लागलंय. घरात नाही अजून."

"आईला घेऊन वरच्या मजल्यावर जा."

"आई म्हणतायत, घर उघडं टाकून नाही येणार."

"मी सांगितलंय म्हणून सांग."

"तुम्ही येणार नाही का?"

"ड्यूटीवर आहे," मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला मी चारही गाड्या तपासल्या. तीन नंबरची गाडी सगळ्यात जुनी. अडीच टनी, डिझेल, अठरा वर्षं चाललेली. तिच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं सावकाश चालू असताना, लागायचा आणि रेस दिली की विझायचा. मागच्याच आठवड्यात मी गेज लावून प्रेशर पाहिलं होतं. प्रेशर ठीक होतं. इंजिनावर बसवलेला प्रेशरचा स्विच कमजोर झाला होता. नवीन मागवला होता, आला नव्हता. गाडीच्या लॉगबुकात मी तसं लिहून सही केली होती.

ड्रायव्हर नायक दिवानसिंग, गढवालचा. तो म्हणाला, "उस्ताद, बत्ती फिर जल रही है."

"स्विच का चक्कर है," मी म्हणालो. "रेस पे बुझती है ना?"

"बुझती है."

"तो चला."

त्या सकाळपर्यंत तो दिवा खोटं बोलत होता.

नऊ चाळीसला कॅप्टन साहेबांनी नकाशा बॉनेटवर पसरला. वांगणीच्या पलीकडे, नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यापलीकडे एक वाडी. तीसेक माणसं. वाडीला जोडणारा रस्ता फरशीवरून जातो. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल. पूर आला की पाणी तिच्यावरून वाहतं. दोन्ही बोटी बदलापूर पश्चिमेला गुंतल्या होत्या, कारण तिथे तळमजले बुडायला लागले होते. वाडीला ट्रकच जाणार होता. तीन नंबर सगळ्यात उंच होती, म्हणून तीन नंबर.

गाडीत आम्ही तिघे. दिवानसिंग, मी आणि लान्स नायक सेल्वराज. सेल्वराज तमिळनाडूतला, वेल्लोरकडचा, वय सव्वीस. बोलायचा कमी. हिंदी मोजकी, मराठी शून्य. पोहायला कॉलममध्ये त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं.

दहा पस्तीसला आम्ही फरशीशी पोहोचलो. सेल्वराज कमरेला दोर बांधून आणि हातात बांबू घेऊन पुढे चालत गेला. दोराचं टोक माझ्या हातात होतं. सत्तर पावलांची फरशी. पाणी त्याच्या मांडीपर्यंत. पलीकडे पोहोचून त्याने हात वर केला. दिवानसिंगने पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली आणि मधे एकदाही पाय उचलला नाही. पाणी बंपरला लागून बाजूला फाकत होतं. दहा पन्नासला आम्ही पार झालो.

वाडीच्या देवळाच्या टेकाडावर एकवीस माणसं थांबली होती. त्यांत सात लहान मुलं आणि एक नऊ महिन्यांची पोटुशी बाई. पुढे आला तो गोमा उघडे, पन्नाशीचा, भातशेती आणि जंगलातली कामं करणारा. त्याने हिशेब दिला.

"आनखी अकरा मानसं खालच्या खोपटांवर हायेत. बांधावरून येतान. एक म्हातारी झोळीत हाय, तिला खांद्यावर आनताव."

"किती वेळ लागेल?"

"पाऊन तास. जास्तीच." त्याने ओढ्यातल्या एका काळ्या खडकाकडे बोट केलं. "त्यो धोंडा दिसतो तवर फरशी हाय. धोंडा बुडाला का फरशी गेली समजा."

खडकाचा हातभर भाग पाण्यावर होता.

मी रेडिओवर विचारलं. साहेबांचा हुकूम स्पष्ट होता. "जितने हैं उतने लेकर निकलो. बाकी के लिए दूसरा फेरा. ओव्हर."

माणसं चढायला लागली. अकरा वाजून पाच मिनिटांनी दिवानसिंगने केबिनमधून हाक मारली.

"उस्ताद, बत्ती."

"रेस दे."

त्याने रेस दिली. इंजिन गरजलं. दिवा तसाच लाल राहिला.

मी त्याला पुन्हा रेस द्यायला सांगितलं. दिवा हलला नाही.  सोळा वर्षांत मी शेकडो दिवे पाहिले होते. पण आधी कधी एकवीस माणसं मागे बसलेली नव्हती आणि समोर पाणी नव्हतं.

मी स्वतःला क्रमाने कामाला लावलं. भीती वाटत असली की क्रम सोडायचा नाही, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. तोवर त्याची गरज पडली नव्हती.

पहिलं काम, स्विचची वायर काढली. दिवा विझला. म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झालेली नाही. दिवा लावतोय तो स्विचच. मग दोन शक्यता उरल्या. एक, स्विच अखेर मेला. तसं असेल तर इंजिन निरोगी आहे आणि हव्या तितक्या फेऱ्या मारता येतील. दुसरी, प्रेशर खरंच गेलं. मग इंजिन फरशीच्या मध्यावर जाम होऊ शकतं.

दिवा दोन्ही वेळेला सारखाच लागतो.

आता निवृत्तीनंतर मी उल्हासनगरला एका गॅरेजात काम करतो. जुने ट्रक येतात. मालक घाईत असतात. म्हणतात, "भाईसाब, बत्ती तो दो साल से जल रही है. बल्ब निकाल दो, आँख को चुभती है." मी बल्ब काढत नाही. गेज लावतो. त्यांना वाटतं फौजी माणूस, अडेलतट्टू. असेन.

दुसरं काम, इंजिन बंद करणं. यालाच मी सगळ्यात जास्त घाबरलो. सायलेन्सरचं तोंड पाण्यापासून फार लांब नव्हतं आणि बॅटरी जुनी होती. इंजिन पुन्हा लागलं नाही तर आम्हीही वाडीचेच झालो असतो.

दिवानसिंग म्हणाला, "उस्ताद, बंद किया और नहीं लगी तो?"

"बंद कर."

इंजिन थांबल्यावर पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. ट्रकमधलं एक मूल रडायला लागलं.

मी तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढली. सेल्वराज कापड धरून शेजारी उभा होता. तेल खुणेच्या बोटभर वर होतं. सकाळी ते खुणेवर होतं. तेल आपोआप वाढत नाही. मी डिपस्टिक कापडावर पुसली. डाग काळा यायला हवा होता. आला तो दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा.

सेल्वराजने डाग पाहिला. "तन्नी," तो म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, "पानी."

"हाँ. पानी."

अंबरनाथहून धावत आलेलं तापलेलं इंजिन थंड पाण्यात गेलं होतं. असं झालं की आतली हवा आक्रसते आणि सांध्यांवरच्या म्हाताऱ्या रबरी सीलमधून इंजिन पाणी ओढून घेतं. नव्या गाडीत सील धरतात. या गाडीचे सील अठरा वर्षांचे होते आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. मी दिव्याला खोटा ठरवून पुढे गेलो होतो.

तरी खात्री करायची होती. स्विच पान्याने खोलला. त्या भोकातून तेलाची धार यायला हवी. दिवानसिंगने दोन सेकंद स्टार्टर मारला. धार आली नाही. फेस आला, थुंकल्यासारखा. बोटावर घेऊन चोळला. तेलाचा चिकटपणा त्यात नव्हता.

प्रेशर गेलं होतं. दिवा खरा होता.

उपाय एकच होता. पाणी तेलापेक्षा जड असतं. इंजिन बंद ठेवलं तर थोडं पाणी खाली बसतं. मग तळाचा बोल्ट सैल करून ते काढायचं, तेल दिसलं की बोल्ट आवळायचा आणि पाच लिटरचा राखीव डबा वर ओतायचा. पण सगळं पाणी बसत नाही. जे तेलात फेटलं गेलं ते तिथेच राहतं.

"दस मिनट कोई इंजिन को हाथ नहीं लगाएगा," मी म्हणालो.

ती दहा मिनिटं मी काळ्या खडकाकडे पाहत होतो. हातभर होता तो वीतभर झाला. गोमा माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"साहेब, गाडी चालंल ना?"

"चालेल."

"आमच्या सुनेचं दिवस भरल्यान. तुम्ही सांगा तसं करू."

मला त्याच्याकडे पाहवलं नाही. मी घड्याळ पाहिलं. 

अकरा एकतीसला गाडीखाली शिरून बोल्ट सैल केला. आधी स्वच्छ पाणी आलं, दीड-दोन लिटर. मग मळकट फेस. मग तेल. बोल्ट आवळला, डबा ओतला, स्विच आणि वायर बसवली. दिवानसिंगने चावी फिरवली. स्टार्टर दोनदा दमला. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. दिवा लाल राहिला, पाच-सहा सेकंद, आणि विझला.

ट्रकमधली माणसं हसली. मी हसलो नाही. मी इंजिनाला कान लावून होतो.

रेडिओ घेतला. "अल्फा, हवलदार मेकॅनिक बोल रहा हूँ. इंजिन में पानी गया है. एक बार पार जाएगी. ओव्हर."

"दूसरा फेरा? ओव्हर."

याच प्रश्नाची मला भीती वाटत होती. दिवा विझलेला होता. मी हो म्हणालो असतो तर कुणी मला चूक म्हटलं नसतं. आणि ते हो चुकीचं निघालं असतं तर गाडी मध्यावर बंद पडली असती. नाही म्हणालो आणि इंजिन चांगलं निघालं, तर अकरा माणसांना मीच मागे सोडलं असं झालं असतं.

"दूसरा फेरा नहीं होगा, सर. बोट चाहिए. ओव्हर."

 मग उत्तर आलं. "बोट हेंद्रेपाडा में है. खाली होते ही भेजूँगा. तुम निकलो. आउट."

सेल्वराज सगळं ऐकत होता. त्याने खांद्यावरचा दोर नीट केला. "उस्ताद, ये ग्यारह लोग आएगा तो इधर कोई नहीं. गाडी नहीं, फौजी नहीं. डर जाएगा. मैं रुकता."

"मैं वापस नहीं आ सकूँगा, सेल्वा. सुना ना?"

"सुना. बोट आएगा." मग त्याने विचारलं, "डरो मत, मराठी में कैसे बोलता?"

"घाबरू नका."

त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. गोमाही उतरला. खोपटांवरची माणसं त्याच्या भावकीतली होती. दोघे मागे थांबतायत हे मी रेडिओवर साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "ठीक है."

अकरा बेचाळीसला आम्ही फरशीवर उतरलो. पुढे चालायला आता कुणी नव्हतं. मी फुटबोर्डावर उभा राहून कडेच्या दगडांवरून उसळणारी रेघ पाहत होतो आणि दिवानसिंगला सांगत होतो. डावीकडे. सरळ. सरळ. थोडं उजवीकडे. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं.

चाळीस पावलं गेल्यावर दिवानसिंग म्हणाला, "बत्ती."

"देखना नहीं. चलता रह."

मग आवाज सुरू झाला. टक, टक, टक. खालून, खोलवरून. तेलावाचून घासणाऱ्या बेअरिंगचा आवाज. ज्याने तो एकदा ऐकला त्याला तो ओळखायला वेळ लागत नाही.  दिवानसिंगच्या ओठांची हालचाल होत होती, तो त्याच्या देवाचं नाव घेत असावा. मी आवाज मोजत होतो. प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, हाच शेवटचा.

पुढची चाकं चढाला लागली. मग मागची. गाडी वर आली. अकरा अठ्ठेचाळीस.

एकवीसच्या जागी वीस माणसं उतरली. साहेब जीप घेऊन या काठाला आले होते, त्यांनी पोटुशी बाईला जीपमध्ये बसवलं. इंजिन अजून चालू होतं, टकटक करत. दिवानसिंगने स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"उस्ताद, चल तो रही है. वापस चलें?"

पलीकडे सेल्वराज दिसत होता. त्याने हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली. खडकाचं टोक अजून दिसत होतं.

"बंद कर," मी म्हणालो.

"उस्ताद, सत्तर कदम है."

"बंद कर, दिवान."

त्याने बंद केलं. मी स्वतः पुन्हा स्टार्टर मारून पाहिला. इंजिन फिरलं नाही. जाम झालं होतं.

बारा दहाला खडक बुडाला. साडेबाराला ती अकरा माणसं टेकाडावर पोहोचली. सेल्वराजने झोळी पुढे होऊन खांद्यावर घेतली, ते आम्ही या काठावरून पाहिलं. नंतर गोमाने सांगितलं, तो दिवसभर सगळ्यांना घाबरू नका, घाबरू नका म्हणत होता आणि मुलांसारखा चुकीच्या जागी जोर देत होता, म्हणून बायका हसायच्या. पाणी टेकाडाभोवती फिरलं. आमच्या हातात दुर्बीण आणि रेडिओ होता. दुसरं काही नव्हतं.

तीन पंधराला बोट आली. झुडपांमुळे ती टेकाडाला भिडू शकत नव्हती. सेल्वराजने आंब्याला दोर बांधला आणि छातीभर पाण्यात उभा राहून एकेकाला बोटीत चढवलं. पहिल्या खेपेला सात. दुसऱ्या खेपेला पाच, शेवटी म्हातारी. तिला त्याने डोक्यावर धरून दिलं. ती आत पोहोचली आणि वरच्या अंगाने एक उपटलेलं झाड वाहत आलं. दोर तुटला. मी झाड पाहिलं, पाणी पाहिलं. सेल्वराज दिसला नाही. वेळ तीन बावन्न.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, खाली बांबूच्या बेटात.

बोटीला उशीर का झाला हे मला संध्याकाळी कळलं. हेंद्रेपाड्यात ती आमच्याच गल्लीत होती. माझी आई शेवटपर्यंत घर सोडायला तयार नव्हती. दोन जवानांनी तिला उचलून बोटीत घातलं. ती आणि माझी बायको सुखरूप होत्या. मी त्यांना सेल्वराजबद्दल पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

गाडी ओढून अंबरनाथला आणली. मी तिच्या इंजिनाचा तळ खोलला. बेअरिंगचा पांढरा थर उडून आतलं तांबं दिसत होतं, आणि तेही एका जागी वितळलं होतं. वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांनी तुकडा हातात फिरवून पाहिला. मी विचारलं, "साहब, बंद नहीं करता तो एक बार और जाती?"

"कौन बताएगा," ते म्हणाले आणि तुकडा मला परत दिला.

पार्थिवासोबत एस्कॉर्ट म्हणून मी जायची परवानगी मागितली. मिळाली. बेअरिंगचा तो तुकडा मी कागदात गुंडाळून बॅगेत टाकला. का, ते तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. सेल्वराजचं गाव वेल्लोरपासून आत आहे. त्याची आई पुढच्या खोलीत बसून होती, तिच्याभोवती बायका होत्या. सलामी झाली, अंत्यविधी झाले. चार वाजता त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. पांढरी लुंगी, साठीचे, हातांना जुने चट्टे. हिंदी तुटक होती.

"मैं पैंतीस साल लॉरी चलाया," ते म्हणाले. "मद्रास-बॉम्बे लाइन. वो लोग बोला, लॉरी खराब हुआ. क्या खराब हुआ?"

मी सगळं सांगितलं. दिवा, वायर, डिपस्टिक, फेस. अंबरनाथला सकाळी मी स्विचला दोष देऊन गाडी सोडली, तेही सांगितलं. मग कागद उघडून तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

ते तो घेऊन उजेडात गेले. अंगठ्याचं नख तांब्यावरून फिरवलं. वितळलेल्या जागी थांबले.  मला वाटलं आता ते मला विचारतील, सील का नाही पाहिले. 

"ये गाडी वापस नहीं आता," ते म्हणाले.

ते परत माझ्यासमोर येऊन बसले.

"मेरा लडका को मालूम था? गाडी नहीं आएगा?"

"मालूम था. उसने तेल खुद देखा था. मैंने भी बोला था."

"मालूम होके रुका."

"हाँ."

त्यांनी मान हलवली. तुकडा पुन्हा कागदात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी तो मागितला नाही. मग त्यांनी मला घरात नेलं, पुढच्या खोलीत सेल्वराजच्या आईसमोर बसवलं आणि तमिळमध्ये तिला काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होते. मला त्यातला एकच शब्द कळला, तो म्हणजे सेल्वराज.